बुजगावण्याशी झुंज

ज्वारीच्या उभ्या पिकात बुजगावणे रोवण्याची रीत जुनी आहे. मडक्याचे डोके, फाटका सदरा आणि काठ्यांचे हात एवढ्या भांडवलावर ते माणसाचे सोंग घेते. पाखरे काही दिवस बिचकतात. ते हलत नाही हे ध्यानात आले, की त्याच्याच खांद्यावर येऊन बसतात. वडनेर भोलजीसारख्या महामार्गावरील गावात ज्या तरुण पिढीच्या हाती मोबाईल आला आहे, तिच्यापुढेही असाच पेच उभा आहे. फरक इतकाच, की हे बुजगावणे धावते आणि गोळीही झाडते.

‘पबजी’ हा खेळ २०१८ साली मोबाईलवर आला. शंभर खेळाडू हवाई छत्रीने बेटावर उतरतात आणि शेवटी उरेल तो विजयी ठरतो. परंतु या शंभरांतील काही शत्रू मोठे विचित्र असतात. ते अकारण थबकतात, सरळ रेषेत चालत राहतात आणि दहा पावलांवरूनही त्यांचा नेम चुकतो. हा नवशिका आहे, की त्याचे इंटरनेट खंडित झाले, असे तर्क खेळणारे लढवतात. पुष्कळदा खरे उत्तर असे असते, की तो माणूसच नाही. माणसासारखे नाव देऊन खेळात सोडलेला तो यंत्रखेळाडू, म्हणजे ‘बॉट’ होय.

यामागील हिशेब व्यापारी आहे. शंभर माणसे जमेपर्यंत ताटकळत ठेवले, तर गिऱ्हाईक निघून जाईल; नवा भिडू पहिल्याच दिवशी वारंवार हरला, तर तो परतणार नाही. म्हणून त्याच्यापुढे सोपे सावज ठेवावयाचे. जिंकल्याचा आनंद हाच येथे विकावयाचा माल आहे.

१७७० साली केंपेलेन या गृहस्थाने व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारे यंत्र सादर केले होते. युरोप थक्क झाला. प्रत्यक्षात त्या पेटीत माणूस दडविलेला असे. आज फसवणुकीची दिशा उलटली आहे. माणसाच्या नावाआड यंत्र दडले आहे.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचा दाखला देऊन दाखविले, की विकणाऱ्याला मालाचे गुणदोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा ठिकाणी बाजारच नासतो. बैलबाजारातील शेतकरी हे न शिकताही जाणतो. म्हणून तो आधी बैलाचे दात पाहतो. मोबाईलच्या पडद्यावर दात पाहण्याची सोय नाही.

करमणुकीपुरते हे चालून जाईल; पैसा लागला, की प्रश्न गंभीर होतो. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटले आणि पुढे ऑनलाइन रमीच्या धंद्याने त्याचाच आधार घेतला. पण समोर कंपनीचेच यंत्र बसले असेल, तर कौशल्य कोणाशी लढविणार? २०२५ च्या नोव्हेंबरात अंमलबजावणी संचालनालयाने एका कंपनीवर नेमका हाच आरोप ठेवला. आरोपाचा निवाडा न्यायालयाने करावयाचा. मात्र ही शंका नुसती कल्पना नव्हे, एवढे त्यातून दिसते.

सरकार स्वस्थ बसले होते असे नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली, ती देशाच्या व माहितीच्या सुरक्षिततेसाठी. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. दोन्हींचा रोख वेगळा होता. बिनपैशाच्या म्हणविल्या जाणाऱ्या खेळांतही शोभेचे पोशाख आणि शस्त्रांची रंगरूपे विकली जातात. तेथे खर्च होणारा पैसा खरा असतो आणि विद्यार्थ्याची रात्र तर पैशानेही परत मिळत नाही.

यासाठी नवी बंदी नको. एक साधी अट पुरे. समोरचा प्रतिस्पर्धी माणूस आहे की यंत्र, हे खेळ सुरू होण्यापूर्वी मराठीसह खेळणाऱ्याच्या भाषेत पडद्यावर लिहिलेले असावे. औषधाच्या वेष्टनावर घटक छापावे लागतात, वजनमापांची तपासणी होते. मग प्रतिस्पर्ध्याची जात—माणसाची की यंत्राची—तेवढी गुप्त का ठेवावी? हे कळल्यावरही ज्याला यंत्राशी खेळावयाचे असेल, त्याने खुशाल खेळावे. तो निदान जाणून खेळेल आणि आपल्या विजयाची किंमत त्याची त्यालाच ठरविता येईल.