प्रोटॉन आपटून अणुकेंद्राचा आकार कसा कळतो? गणित तुमच्या मोबाईलवरही होतं!

अणुकेंद्र कुठल्याच सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. मग त्याचा आकार सांगतात कसा? मी चंद्रपूरचा, म्हणून उदाहरण आमच्याकडचंच देतो. ताडोबात वाघ दर वेळी दिसतोच असं नाही, पण मातीतला पगमार्क बघून गाईड अंदाज बांधतो. इथेही तसंच.

वेगवान प्रोटॉन केंद्रावर सोडायचे आणि कुठल्या कोनात किती विखुरले ते मोजायचं. याला प्रकीर्णन म्हणतात. प्रोटॉन लाटेसारखाही वागतो, त्यामुळे काही कोनांत ते भरपूर सापडतात, काही कोनांत अगदीच कमी. ऊर्जा तीच ठेवली, तर केंद्र जितकं मोठं तितका पहिला खड्डा लहान कोनावर येतो. हाच आपला पगमार्क.

इलेक्ट्रॉन का नाही वापरायचे? तेही वापरतात, पण त्यांना मुख्यतः विद्युतभार कळतो. न्यूट्रॉन जवळजवळ निसटतातच. प्रोटॉनला दोघांचंही बल जाणवतं.

हेलियम-8 घ्या: 2 प्रोटॉन, 6 न्यूट्रॉन. त्याचं अर्धायुष्य फक्त 0.12 सेकंद, म्हणजे निशाणा म्हणून समोर ठेवताच येत नाही. म्हणून 1990च्या दशकात जर्मनीतल्या जीएसआय प्रयोगशाळेत उलटं केलं: हेलियमच हायड्रोजनवर, म्हणजे प्रोटॉनवर, सोडला. रॉय ग्लाउबरच्या सिद्धांताने आकडे तपासले, तेव्हा साध्या हेलियमची त्रिज्या सुमारे 1.5 फेम्टोमीटर, तर याची जवळपास 2.5 निघाली. दुधावर साय धरावी तसा न्यूट्रॉनचा थर! (ग्लाउबरला 2005 मध्ये नोबेल मिळालं, पण प्रकाशावरच्या कामासाठी.)

खरी गोची हलक्या केंद्रांतच आहे. जड केंद्राला धुरकट काचेचा गोळा मानून चालतं. थोडे प्रोटॉन पुढे जातात, थोडे आत शोषले जातात. चार-सहा कण असतील तर अशी सरासरी लंगडी पडते, एकेक टक्कर मोजावी लागते. शिवाय दोन वेगळी मॉडेल्स एकाच आलेखावर चपखल बसू शकतात. माझ्या मते नवखे इथेच फसतात.

मुंबईत कुलाब्याला पेलेट्रॉन त्वरक आहे. गडचिरोलीत नाही, पण गोंडवाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला सिद्धांतासाठी तो लागतही नाही. मोजमापं एक्सफोर या आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये फुकट आहेत. 30 एमईव्हीचा प्रोटॉन आणि कार्बन-12 घेतलं, तर दहा-पंधरा आंशिक लाटांची बेरीज पुरते. पायथनचं अ‍ॅप असलेला साधा फोनही ती करतो. रेंज असेल तेव्हा डेटा उतरवून ठेवा, बाकी सगळं ऑफलाइन चालतं.