डिस्कसचे खरे आणि खोटे नखरे

रात्री साडेदहाला मी मिठाची पिशवी फोडून टाकीसमोर उभा होतो. दोन्ही डिस्कस मासे काळवंडले होते आणि त्यांच्या अंगाला बारीक बारीक, वळवळणारं काहीतरी चिकटलं होतं. मला वाटलं, किडे लागले. मीठ टाकण्याआधी मासे ज्याच्याकडून घेतले त्या कुर्ल्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो हसायलाच लागला. "साहेब, मीठ ठेवा खाली. पिल्लं दूध पितायत."

अंडी त्यांनी फिल्टरच्या पाइपामागे चिकटवली होती, म्हणून मला पत्ता लागला नव्हता. आता डिस्कसला काही दूध येत नाही, पण उपमा अगदीच चुकीची नव्हती. पिल्लं पोहायला लागली की थेट आईबापांच्या अंगाला जाऊन भिडतात आणि तिथला बुळबुळीत स्राव टिपून खातात. पहिले दोन आठवडे जवळजवळ हेच त्यांचं जेवण. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की या दिवसांत आईबापांच्या अंगावरच्या स्रावातली प्रथिनं वाढतात आणि रोगाशी लढणारी प्रतिपिंडंही त्यात वाढतात. आई कंटाळली की अंगाला एक हिसका देते आणि सगळा घोळका बापाच्या अंगावर जातो. तिसऱ्या आठवड्यापासून दोघंही पिल्लांना चुकवत पोहू लागतात. पोराचं अंगावरचं तोडतात ना, तसंच.

म्हणून "पिल्लं आईबापांना कुरतडून खातात, लगेच वेगळी करा" हा सल्ला ऐकू नका. वेगळी केलेली पिल्लं हाताने जगवणं फार जिकिरीचं असतं आणि बहुतेक वेळा ती उपाशी मरतात. आईबाप काळवंडतात तेही या काळात स्वाभाविक आहे. पिल्लं गडद रंगाकडे ओढली जातात, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. पिल्लं नसताना मात्र मासा काळा पडला, कोपरा धरून बसला आणि खायला येईना, तर काहीतरी बिघडलंय. तेव्हाही औषधाच्या बाटलीआधी पाणी तपासायचं.

पाण्यावरून आठवलं. डिस्कसच्या नावाने सगळ्यात जास्त भीती घातली जाते ती पाण्याचीच. पीएच साडेपाचच हवा, आरओचंच पाणी हवं, नाहीतर मासे आठवड्यात जातील, असं सांगतात. या समजुतीचं मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यात आहे. हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४० मध्ये या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. त्याच्या नावाने ओळखला जाणारा डिस्कस रिओ निग्रो नदीच्या पाण्यात सापडतो. ते पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं आणि त्याचा पीएच पाचच्याही खाली जातो. पण त्याच खोऱ्यातले हिरवे, निळे, तपकिरी डिस्कस इतक्या आंबट पाण्यात राहत नाहीत. शिवाय आपल्याकडे विकले जातात ते बहुतेक मासे पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच वाढलेले असतात. साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान ते मजेत राहतात. पुण्या-मुंबईत नळाला येणारं धरणाचं पाणी क्लोरीन काढलं की त्यांना पुरतं. बोअरचं जड पाणी मोठ्या माशांना चालून जातं. अंड्यांना मात्र ते मानवत नाही, त्यामुळे पिल्लं काढायची असतील तेव्हा आरओचा विचार करा.

पीएच उतरवायच्या बाटल्या ओतल्या की आकडा खाली येतो, दोन दिवसांनी परत वर चढतो, आणि त्या हेलकाव्याने मासा खचतो. साडेसातचा स्थिर पीएच त्यापेक्षा शंभर पटींनी बरा. काही जण रस्त्याकडेच्या बदामाची वाळकी पानं गोळा करून टाकीत सोडतात. वाईट काही नाही त्यात, पाण्याला छान तपकिरी झाक येते आणि मासे निवांत होतात. पण बोअरच्या पाण्यात दहा पानं सोडून पीएच उतरेल अशी आशा धरू नका. आणि रोगावर औषध म्हणून तर नकोच.

खाण्याचा गोंधळ याहून मोठा. "बीफ हार्टशिवाय डिस्कस वाढत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ॲमेझॉनमध्ये गुरं पाण्याखाली चरत असतील असं वाटावं! जंगलातला डिस्कस पडलेल्या झाडांच्या बुडालेल्या फांद्यांत राहतो. त्या फांद्यांवरचं शेवाळ, कुजलेल्या पानांचा गाळ आणि बारीकसारीक जलकीटक हे त्याचं रोजचं जेवण. मग हृदय आलं कुठून? व्यावसायिक पैदास करणाऱ्यांकडून. चरबी काढलेलं हृदय स्वस्त, भरपूर प्रथिनांचं, आणि पिल्लं त्यावर झपाट्याने वाढतात. पण त्या लोकांकडे रोज टाकीतलं बहुतेक पाणी बदलायची सोय असते. आपण त्यांचं खाणं उचललं, पाणी बदलणं उचललं नाही. मांसाचा चुरा तळाशी कुजतो, अमोनिया वाढतो आणि दोष येतो माशाच्या नाजूकपणावर. तसंही २०१५च्या गोवंश हत्याबंदीपासून महाराष्ट्रात बीफ हार्टच्या नावाखाली मिळतं ते म्हशीचं हृदय.

मी घरी करतो ते असं: सोललेली कोलंबी, थोडा बिनकाट्याचा मासा, उकडून सालं काढलेला मटार, चार पानं पालक, लसणाची एक पाकळी. मिक्सरमधून भरड काढायचं, जिलेटिनच्या पाण्यात कालवायचं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत चपातीसारखं पातळ थापून फ्रीझरला टाकायचं. पापडासारखा तुकडा मोडून घालता येतो. मिक्सरचं भांडं मात्र वेगळं घ्या, हे अनुभवाचे बोल आहेत. याच्या जोडीला चांगल्या प्रतीचे दाणे आणि फ्रोझन ब्लडवर्म. जिवंत ट्युबिफेक्स टाळा. मासे त्यावर तुटून पडतात हे खरं, पण ते किडे सांडपाण्याच्या गाळात वाढतात. वाढत्या पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, मोठ्यांना दोनदा पुरे. दहा मिनिटांत संपलं नाही ते नळीने ओढून काढायचं.

रंग चढवणाऱ्या खाण्याबद्दल एवढंच, की त्याने तांबडा आणि केशरी उठावदार होतो. निळा होत नाही. निळा रंग खाण्यातून येतच नाही, त्वचेतल्या चकाकत्या पेशींवरून परतणाऱ्या प्रकाशाने तो दिसतो.

"आपल्याकडे उकाडाच एवढा, हीटर कशाला?" डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात, रात्रीसुद्धा. डिसेंबरात पुण्यातल्या उघड्या खिडकीजवळची टाकी सकाळी २१-२२ वर उतरलेली मी पाहिली आहे. लिटरमागे साधारण एक वॉट या हिशेबाने हीटर घ्या, आणि एका मोठ्याऐवजी दोन छोटे. एक चालूच राहून अडकला तरी टाकीचा रस्सा होत नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. म्हणून हवेचा पंप हवाच.

आणि फिल्टर? त्यातले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, पण ते नायट्रेट पाण्यातच राहतं. ते बाहेर जातं बादलीने. आठवड्यातून दोनदा एक तृतीयांश पाणी बदललं तर मोठ्यांचं भागतं, पिल्लांना याहून जास्त लागतं. नव्या टाकीत हे जिवाणू जम बसवायला चार ते सहा आठवडे घेतात. टाकी आणि मासे एकाच रविवारी घरी आणणाऱ्यांचे मासे बहुधा इथेच जातात.

"जोडी आणली की झालं" हाही तसाच प्रकार. डिस्कस कळपाने राहणारा मासा आहे. दोनच ठेवले तर त्यातला जबरा दुसऱ्याला खाण्यावरून हुसकत राहतो, पाच-सहा असले की त्याचा जाच वाटला जातो. मोठा मासा १५ ते २० सेंटिमीटरचा, म्हणजे सहा जणांना चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी हवी. तिच्यात अडीचशे लिटर पाणी मावतं. अडीचशे किलो! जुन्या वाड्यातल्या लाकडी माडीवर ठेवायच्या आधी खालच्या मजल्यावरच्यांना विचारा.

विकत घेताना रंगावर भाळू नका. दुकानदाराला सांगा, माझ्यासमोर खायला घाला. जो काचेपाशी धावत येतो, ज्याचा डोळा अंगाच्या मानाने मोठा दिसत नाही आणि कपाळावरचं मांस खपाटीला गेलेलं नाही, तोच पिशवीत भरून घ्या. खायला घालायला दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर चहा पिऊन परत या.