‘घरी न्या, सेवा करा’
लेखांक सातवा

मुंबईच्या इस्पितळातून परतलेला रोगी पहाटेच्या गाडीने जळगावच्या फलाटावर उतरतो, तेव्हा त्याच्या आप्तांच्या पिशवीत तपासण्यांच्या कागदांचे जाड भेंडोळे असते आणि कानांत डॉक्टरांचे एवढेच शब्द असतात, ‘घरी न्या, सेवा करा.’ यातील पहिल्या दोन शब्दांचा अर्थ सर्वांस तत्काळ उमगतो. उरलेल्या दोहोंचा मात्र कोणी उलगडून सांगत नाही. गतलेखांकी असाध्य व्याधीचे विवेचन केल्यावर आज त्या उरलेल्या दोन शब्दांकडे वळणे क्रमप्राप्त आहे.

आमच्या खानदेशात मृत्यूनंतरचा कारभार मोठा चोख असतो. कोणाच्या दारी तो प्रसंग आला की, निरोपाचीही वाट न पाहता गल्ली कामास लागते. लाकूडफाट्याची तजवीज होते, खांदा द्यावयास माणसे कमी पडत नाहीत, चूल थंडावलेल्या घरी शेजारून कडू घास येतो, आणि गंधमुक्तीपर्यंत घर एकटे पडत नाही. या सर्वांस ना दप्तर लागते, ना चिटणीस. परंतु तोच मनुष्य मृत्यूपूर्वी चार-चार महिने खाटेवर पडून असतो, तेव्हा तीच गल्ली त्याला केवळ ‘देखाले’ येते. शहाळे कोपऱ्यात ठेवून, रोग्यादेखतच त्याच्या रोगाची मीमांसा करून मंडळी उठतात, आणि रात्रभर जागलेल्या सुनेला त्यांच्याकरिता चहाचे आधण ठेवावे लागते, ते वेगळेच.

मग सेवा म्हणजे काय? ज्याला स्वतः हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी पालटणे, कारण एकाच अंगावर भार पडून राहिला की तेथील रक्तप्रवाह अडतो आणि माकडहाडावर, टाचांवर व्रण पडतात; त्यासाठी दोन माणसांचे हात लागतात, आणि घरात बहुधा एकच जोडी असते. वेदनाशामक औषध, वेदना असह्य होण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी देणे व तशी वहीत नोंद करणे. अन्नाविषयी तर आपल्याकडे मोठाच गैरसमज आहे. देह मावळू लागला की भूक आपोआप ओसरते; तिला उपासमार समजून चमच्याने बळेच भरविणे हा प्रेमाने केलेला छळ होय. शुद्ध हरपलेल्याच्या मुखात पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत उतरण्याचे भय असते. गंगाजल द्यावयाचे तर कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करावेत. त्याने श्रद्धेसही बाध येत नाही, आणि जळगावच्या वैशाखात कोरडे पडलेले ओठ असे वारंवार ओले करणे ही स्वतंत्र सेवाच आहे.

अशा सेवेसाठी मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती आवेदना सदन उघडले, पुण्यात वारज्याला 1997 मध्ये सिप्लाचे शुश्रूषा केंद्र निघाले. दोन्ही आदरास पात्र, पण तेथे रोग्याने जावयाचे. केरळात हा क्रम उलटा झाला. कोझिकोड येथे 1993 साली डॉक्टरांनी वेदनाशमनाची संस्था काढली. पण शेवटच्या अवस्थेतील रोगी दवाखान्यापर्यंत पोहोचूच शकत नाही, हे लवकरच ध्यानी आल्यावर, मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांनाच शिकवून तयार करण्यात आले. आठवड्यास किमान दोन तास देण्याची तयारी, सोळा तासांचे शिक्षण आणि चार दिवस प्रत्यक्ष रोग्यांपाशी, एवढीच अट होती. 2008 मध्ये सरकारने त्या धोरणास मान्यता दिली. परंतु सरकार मागून आले, शेजार आधी.

येथे धुळ्याच्या तुरुंगाची आठवण होते. 1932 साली विनोबांनी तेथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. अंतकाळी जे मनात यावे असे वाटते, त्याचा अभ्यास आयुष्यभर करावा लागतो, हे आठव्या अध्यायाचे सार त्यांनी तेथे उकलून दाखविले; आणि 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी व औषध वर्ज्य करून त्यांनी देह ठेवला. मात्र त्या वेळी त्यांच्याभोवती आश्रम होता. कापसाच्या जिनिंगात राबून थकलेल्या हमालाला आश्रम कोठला? त्याला गल्लीच.

आणि गल्लीला हे जमणार नाही असे मी मानीत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात सात अहोरात्र वीणा खाली ठेवावयाची नसते. कोणी किती वाजता उभे राहावयाचे याचे पहारे आधीच वाटलेले असतात, मध्यरात्रीचा पहारा तरणी पोरे आपणहून मागून घेतात, आणि कोणी आजारी पडला तर बदली कोण, हेही ठरलेले असते. तोच पहाऱ्यांचा कागद, तीच नावे. वीणेच्या जागी खाट. मंगळवारी रात्री बारा ते चार कोणाकडे, एवढेच लिहावयाचे, आणि त्या चार तासांत सुनेला झोपू द्यावयाचे.

मॉर्फीनचे औषध कायद्याने कोणास ठेवता येते, 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात 2014 साली कोणती मुभा झाली आणि तरीही ते दुर्मिळ का, याचा विचार पुढील लेखांकी.