पेढीचा काटा आणि तिसरे अणुव्रत

दसऱ्याच्या सुमारास शेतात सीतादही होते आणि दिवाळीपर्यंत वणी, राळेगाव, पांढरकवडा, दारव्हा येथील बाजारांत कापसाच्या गाड्यांची रांग लागते. संस्थेची मूल्ये हा अलीकडे व्यवस्थापनशास्त्राचा विषय झाला असून कार्यालयाच्या भिंतीवर ती सुबक चौकटीत लावण्याची पद्धत पडली आहे. आपल्या जिल्ह्यातील शेतकरी मात्र भिंतीकडे पाहत नाही. पेढीची मूल्ये तो काट्यावर वाचतो.

आपल्या आचार्यांचीही दृष्टी तीच होती. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांपैकी एक ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे. दुसरा ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे चांगल्या मालात हिणकस माल मिसळणे. चोरीचा माल विकत घेणे हाही त्यांत आहेच. ही यादी मुनींसाठी नाही. ती दुकानात बसणाऱ्या श्रावकासाठी आहे, आणि दुकानाची खोडी जाणणाऱ्यानेच केलेली आहे.

व्यापाऱ्याने स्वतः काटा सांभाळला नाही, तर तो दुसरा कोणी सांभाळतो, हे वऱ्हाडाने अनुभवले आहे. आपल्या दारव्ह्याला लागून असलेल्या कारंजा येथे 1886 साली कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. इंग्रजांनी हे शेतकऱ्याच्या कळवळ्याने केले असे मानण्याचे कारण नाही. त्यांना गिरण्यांसाठी शुद्ध रुई हवी होती. पुढे 1972 पासून राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि खरेदीतील खाजगी व्यापाऱ्याचे स्थानच गेले. त्या योजनेत दोष पुष्कळ होते. तथापि व्यापाऱ्याला दूर सारले जात असताना शेतकरी त्याच्या बाजूने उभा राहिला नाही, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

बहुतेक मालक प्रामाणिकच असतात, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते. हंगामाच्या प्रारंभी ओल असलेला कापूस पेढीत येतो. बारा टक्के ओलाव्याचा शंभर किलो कापूस आठ टक्क्यांपर्यंत वाळला, तर सुमारे चार किलो वजन हवेत जाते. ही घट निसर्गाची आहे. ती भावात धरावी लागते. पण शेटजी भाव चढा देतात आणि हंगामअखेर मुनीमजींना एवढेच विचारतात, “घट एवढी कशी?” मुनीमजी शहाणे असतात. पुढच्या वर्षी ते काट्यावरील माणसाला काही सांगत नाहीत, केवळ तोच प्रश्न विचारतात. तो क्विंटलमागे एक किलो कडता कापू लागतो. घट नाहीशी होते, शेटजी संतुष्ट होतात आणि प्रतिक्रमणास बसतात. खोटे कोणीच बोलले नाही!

हिशेब मांडून पाहावा. भाव सात हजार धरला, तर दहा क्विंटल आणणाऱ्याचे सातशे रुपये गेले. त्याच्या घरी ते एका फवारणीचे पैसे असू शकतात. पाच हजार क्विंटल खरेदी करणाऱ्या पेढीत मात्र साडेतीन लाख जमा झाले, आणि वहीत त्यांचे नावही नाही.

म्हणून माझी विनंती लहानशी आहे. वहीत घटखाते वेगळे काढावे, खरेदीच्या दिवशीचा ओलावा पावतीवर लिहावा, आणि घट आली म्हणून नोकराला जाब विचारण्याआधी ते खाते उघडून पाहावे. पेढीवर नव्याने बसणाऱ्या मुलाला पहिला हंगाम गल्ल्यावर न बसवता काट्यापाशी उभे करावे. भल्या पहाटे गाडी जुंपून आलेला माणूस काट्याच्या आकड्याकडे कसा टक लावून पाहतो, हे त्याला तेथूनच दिसेल.