मोडीतले नाणे : सदोष छोट्या सुवर्णनाण्यांची खरेदी आणि फेरविक्री

परभणी जिल्ह्यातील सेलू हे मनमाड–परभणी लोहमार्गावरचे, कापसाच्या बाजारपेठेचे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे या परिसरातील जुन्या घरांत पिढ्यानपिढ्या जपलेल्या सोन्याच्या नाण्यांमध्ये इंग्रजी गिन्नीबरोबरच हैदराबादच्या टांकसाळीची अशरफीही असू शकते. त्यात आता बँका, टांकसाळी आणि सराफ विकतात त्या एक, दोन किंवा पाच ग्रॅमच्या चोख नाण्यांची भर पडली आहे. कापसाच्या पैशातून दसरा-दिवाळीला घेतलेले असे नाणे पुढे मृगाच्या पेरणीसाठी, लग्नासाठी किंवा दवाखान्याच्या खर्चासाठी विकावे लागते, आणि तोवर ते वाकलेले, झिजलेले, भोक पाडलेले किंवा कडी लावलेले असले, तर दुकानात ते सरसकट ‘मोड’, म्हणजे आटवण्यासाठी घेतलेले जुने सोने, समजले जाते. हा समज विकणाऱ्याला महागात पडू शकतो.

एका नाण्याच्या तीन किमती

सोन्याच्या नाण्यात तीन किमती एकत्र असतात : त्यातल्या शुद्ध धातूची, ते घडवण्यासाठी व वेष्टनासाठी दिलेल्या मजुरीची, आणि नाणे जुने वा दुर्मीळ असल्यास संग्राहक देतील ती. नाण्याला इजा झाली की या तिन्ही किमती सारख्याच घटतात असे नाही, आणि म्हणून कोणती किंमत किती शिल्लक आहे हे मूस तापण्यापूर्वीच ठरले पाहिजे, कारण आटवलेल्या नाण्याची पहिलीच किंमत उरते.

गिन्नी म्हणून ओळखला जाणारा ब्रिटिश सॉव्हरिन ७.९८८ ग्रॅम वजनाचा आणि बावीस कॅरेटचा असतो. म्हणजे त्यात चोख सोने ७.३२ ग्रॅम भरते. १९१८ साली तो मुंबईतही पाडला गेला आणि त्या नाण्यांवर इंग्रजी ‘आय’ हे टांकसाळीचे बारीक अक्षर आहे. हैदराबादची चारमिनार कोरलेली अशरफी सुमारे ११.२ ग्रॅमची असून तिची अर्धी, पाव आणि अष्टमांश नाणीही निघाली. अष्टमांश अशरफी जेमतेम १.४ ग्रॅमची भरते आणि तिच्यात सोन्याचे प्रमाण सुमारे ९१ टक्के असते. पुतळी हारातल्या पुतळ्यांचे मूळ असलेले व्हेनिसचे डुकाट नाणे साडेतीन ग्रॅमचे, पण जवळजवळ चोख होते. याउलट ५ नोव्हेंबर २०१५ रोजी सुरू झालेले, अशोकचक्र व महात्मा गांधींची प्रतिमा असलेले भारतीय सुवर्णनाणे ९९९ शुद्धतेचे असले, तरी त्याला संग्राहकाची किंमत फारशी नसते. तिथे वजन, शुद्धता आणि शाबूत वेष्टन यांनाच महत्त्व असते.

इजा कशी होते आणि काय घेऊन जाते

लक्ष्मीपूजनासाठी प्लास्टिकचे सीलबंद कार्ड कापून नाणे ताम्हनात ठेवले, तर सोने कणभरही कमी होत नाही. मात्र वेष्टन शाबूत असेल तरच परत घेण्याची अट विक्रेत्याने घातलेली असल्यास ती सवलत हातची जाते. पूजेनंतर कुंकू व पंचामृत काढण्यासाठी राखेने किंवा घासणीने घासले, की चोख सोने मऊ असल्याने मुद्रेचे उंचवटे हळूहळू सपाट होतात आणि वजनही घटते. पाऱ्याचा स्पर्श झाला तर सोने पांढरे पडते, कारण पारा त्याच्याशी मिसळून मिश्रधातू तयार करतो.

सर्वांत फसवी इजा कडीची असते. गळ्यात ओवण्यासाठी नाण्याला कडी जोडताना सोनार डाख वापरतो; डाख म्हणजे नाण्याच्या आधी वितळणारा, कमी कसाचा जोडधातू. त्यामुळे वजनकाट्यावर नाणे भरलेले दिसते, पण वाढलेले वजन नाण्याच्या कसाचे नसते. कडी काढल्यावरही काठावर डाखाचा फिकट डाग राहतो, आणि संग्राहक तो लगेच ओळखतो. तरीही डाखाचा डाग असलेली दुर्मीळ अशरफी धातूच्या दरापेक्षा अधिक मोल मिळवू शकते. तिला चकाकी आणण्याच्या नादात केलेले पॉलिश मात्र उरलेले मोलही घालवते.

कस लावण्याची रीत

सराफ प्रथम नाणे काळ्या कसोटीच्या दगडावर घासतो, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढतो आणि दोन्हींवर तेजाब लावून कोणती रेघ किती टिकते ते पाहतो. क्ष-किरणांवर चालणारे यंत्र काही सेकंदांत टक्केवारी सांगते. मात्र दोन्ही रीती पृष्ठभागापुरत्या आहेत. म्हणून घनतेची चाचणी जोडीला घ्यावी लागते : चोख सोन्याची घनता १९.३ असते, तर गिन्नीतल्या तांबेमिश्रित सोन्याची सुमारे १७.६, म्हणजे पूर्ण वजनाची गिन्नी पाण्यात बुडवून तोलली असता सुमारे ०.४५ ग्रॅमने हलकी भरली पाहिजे. टंगस्टनची घनता १९.२५ असल्याने चोख नाण्याच्या पोटात तो लपवला तर ही चाचणीही फसते, आणि तेव्हा नाणे कापून किंवा आटवूनच खात्री होते.

आटवण्याच्या आणि शुद्ध करण्याच्या या कामाला गलाई म्हणतात, आणि ते देशभर पोहोचवणारे लोक मराठीच आहेत. सांगली जिल्ह्याच्या खानापूर व आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून आणि लगतच्या भागातून बाहेर पडलेल्या कुटुंबांनी भारतातील असंख्य शहरांच्या सराफ बाजारांत गलाईची दुकाने थाटली. अशुद्ध सोन्यात ते चांदी मिसळतात, जेणेकरून सोन्याचा वाटा एक चतुर्थांशाच्या आसपास यावा. मग नायट्रिक आम्लात चांदी व तांबे विरघळतात आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती धुऊन, टाकणखार घालून मुशीत वितळवली, की पिवळीधमक लगड तयार होते. या कामात होणाऱ्या घटीचा हिशेब सराफ दर सांगतानाच धरतो.

तोट्याचा हिशेब

नाणे जितके छोटे, तितका मजुरीचा वाटा मोठा, हे आकड्यांनी स्पष्ट होते. समजा सोन्याचा दर ग्रॅमला १०,००० रुपये आहे आणि एक ग्रॅमच्या नाण्यावर ८ टक्के घडणावळ लागली. १०,८०० रुपयांवर ३ टक्के जीएसटी धरून ग्राहक ११,१२४ रुपये मोजतो. पुढे झिजून ०.९८ ग्रॅम राहिलेले हेच नाणे २ टक्के घट धरून मोडले, तर त्याच दराने हाती ९,६०४ रुपये येतात. म्हणजे मुद्दल सुटण्यासाठी सोन्याचा भाव सुमारे १६ टक्के चढावा लागतो. उलट असे सदोष नाणे धातूच्या दराने घेणाऱ्यावर घडणावळीचा बोजा पडत नाही, आणि जिथे गुंतवणुकीसाठी फक्त वजन हवे तिथे ओरखडा पडलेले, पण खात्रीच्या शुद्धतेचे नाणे हीच शहाणपणाची खरेदी ठरते.

कायद्याच्या चौकटीत

बँकांना नाणी विकता येतात, परत विकत घेता येत नाहीत, त्यामुळे विक्रीसाठी सराफाकडेच जावे लागते. घरातले जुने सोने विकणाऱ्या सामान्य माणसाला त्यावर जीएसटी भरावा लागत नाही. फेरविक्री करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने मात्र वस्तूचे स्वरूप न बदलता ती विकली, तर खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरण्याची सवलत त्याला मिळू शकते. आटवून लगड केली, तर ती निराळी वस्तू ठरते आणि पूर्ण किमतीवर कर लागतो. म्हणजे करही नाणे न आटवण्याच्याच बाजूने आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते, त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. नांगरटीत किंवा जुन्या वाड्याचा पाया खणताना सापडलेले धन १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ते गुपचूप मोडणे हा गुन्हा आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा असल्याने, विकणाऱ्याची ओळख व पत्ता नोंदवून घेणारा सराफ दोघांचेही हित पाहतो.

सेलूसारख्या ठिकाणी नाणे विकणारा बहुधा अडचणीत आणि घाईत असतो, आणि घाईतच गिन्नी, अशरफी व कालपरवाचे नाणे एकाच मुशीत जाते. म्हणून विकणाऱ्याने नाण्यावरील अक्षरे व वर्ष वाचून घ्यावे, कडी वेगळी करून नाणे व कडी स्वतंत्र तोलायला सांगावी, कस डोळ्यांसमोर लावून घ्यावा, आणि वजन, कस, घट व दर या चारही गोष्टी पावतीवर लिहून मागाव्यात. सराफांनीही ही चार कलमी पावती न मागता द्यावी. ज्या घराने वर्षभराच्या कष्टातून एक ग्रॅम सोने उभे केले, त्याच्या हक्काचे गुंजभर सोनेही हिशेबाबाहेर राहता कामा नये.