नखी आणि बोट

गेल्या पावसाळ्यात शिरोळास माझ्या थोरल्या बंधूंच्या घरी आठवडाभर राहण्याचा योग आला. त्या घरी दोन तंतुवाद्ये आहेत. एक आमच्या आजोबांच्या वेळचा मिरजेचा तंबोरा. तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गवसणी घालून उभा असतो. दुसरे म्हणजे माझ्या पुतण्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेली बास गिटार. ती मात्र या खेपेस कोठे दिसेना. चौकशी करता कळले की, ती माळ्यावर गेली आहे.

कारण ऐकून मला विषाद वाटला. हा मुलगा सहा वर्षे एका वाद्यवृंदात वाजवीत आहे. जयसिंगपूर, इचलकरंजी, कोल्हापूर येथील लग्नसमारंभांत आणि गणेशोत्सवात त्याची हजेरी असते. आरंभापासून तो प्लॅस्टिकच्या लहानशा नखीने वाजवीत आला. अलीकडे एका मोठ्या शहरात तो महिनाभर शिकावयास गेला असता तेथील शिक्षकांनी चारचौघांत त्याला सांगितले की, बास ही बोटांनीच वाजवावयाची असते; नखी ही ज्याच्या बोटांत कला नाही त्याची कुबडी होय. मुलाने बोटांचा अभ्यास आरंभिला. बोटांस फोड आले, लय मागे पडू लागली, आणि एके दिवशी वाद्य माळ्यावर गेले. “काका, तुम्ही इतकी वर्षे सतार वाजवता. खरे वाजवणे कोणते हो, बोटाचे की नखीचे?” असे त्याने मला जेवताना विचारले. त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही. ते दुसऱ्या दिवशी मिरजेत सापडले.

तंबोऱ्याची जवारी बिघडली होती, म्हणून त्याला घेऊन आम्ही उभयता कृष्णेपलीकडे मिरजेस गेलो. एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला, आणि पुढे त्या घराण्यांचे आडनावच सतारमेकर झाले. आमच्या शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर गाणे शिकावयास बाळकृष्णबुवांकडे गेले तेही याच मिरजेत. असो. कारागिराने तंबोऱ्याची घोडी घासली, तारांखालचे सूत मागेपुढे सरकवून पाहिले, आणि तर्जनीच्या मांसल कडेने तार हलकेच सोडली. तंबोरा बोलू लागला. माझ्या पुतण्याने कुतूहलाने खिशातील नखी काढून त्याच तारेवर मारली. कारागिराने तत्काळ हात आडवा घातला. “टोचू नका हो त्याला,” तो म्हणाला, “तंबोऱ्याला नुसतं जागं करायचं असतं.”

या एका वाक्यात आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. ते उलगडण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र पाहू.

ताणलेली तार छेडली म्हणजे ती केवळ एकाच स्वरात कंप पावत नाही. संबंध तार हलते, त्याच वेळी तिचे दोन भाग, तीन भाग, चार भाग निरनिराळे हलत असतात. त्यांपासून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघतात. ध्वनी गोल की टोकदार, मऊ की झणझणीत, हे बव्हंशी या उपस्वरांच्या प्रमाणावर ठरते. आता तारेला स्पर्श करणारी वस्तू जितकी अरुंद आणि कठीण, तितका तारेला पडणारा कोन तीक्ष्ण आणि तितके वरचे उपस्वर अधिक. बोटाचे मांस मऊ व रुंद असते. त्या रुंदीहून आखूड अशा लहरी तारेवर फारशा उठतच नाहीत. म्हणून बोटाचा आवाज भरीव व गोल येतो, नखीचा धारदार येतो. यात श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. चाळणीची भोके लहान की मोठी, एवढाच हा प्रश्न आहे.

मग बोटाने छेडलेला तंबोरा इतका तेजस्वी कसा वाजतो? याचे रहस्य घोडीत आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित उतरती असते. हलणारी तार तिच्या पाठीवर पुनःपुन्हा टेकते आणि सुटते, आणि सुताच्या योगाने हा स्पर्श नेमका साधला की जवारी लागते. कलकत्त्यास असताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्या उपस्वरांची तार स्थिर राहते ते उपस्वर निघू नयेत, असा यंग या शास्त्रज्ञाचा नियम आहे. तंबोऱ्यात ते स्पष्ट निघतात, असे रामन यांनी दाखवून दिले. सारांश, तंबोऱ्यात धार घोडी पुरविते. बोटाने केवळ शक्ती द्यावयाची. तेथे नखी वापरणे म्हणजे तिखट आमटीत वरून मिरची घालणे होय.

सतारीलाही जवारी आहे, मग तिला नखी कशाला, असे कोणी विचारील. सतार आधार देत नाही, ती गत वाजवते. बोट आपल्याकडे ओढले की ‘दा’, बाहेर लोटले की ‘रा’. हे बोल द्रुत लयीत सुटे ऐकू यावयाचे तर प्रत्येक स्वराला आरंभाची कड हवी, आणि ती तर्जनीवर चढविलेली तारेची नखीच देते. सरोदाची घोडी सतारीसारखी रुंद नसते. तेथे नारळाच्या करवंटीचा जवा हे काम करतो. आपल्या खेड्यापाड्यांतही हाच विवेक दिसतो. एकतारीवर अभंग म्हणणारा बोटाने तार छेडतो. शाहिराच्या मागे उभा राहणारा तुणतुणेवाला काडी वापरतो, कारण डफाच्या गजरातून त्याला वर यावयाचे असते. त्या काडीला कुबडी म्हटलेले मी तरी कधी ऐकले नाही.

याहून बोलका दाखला बीनेचा. बीन हे खर्जाचे, गंभीर वाद्य. बासशी तुलना करावयाची तर हिचीच करावी. उस्ताद असद अली खाँ (१९३७–२०११) बोटांत नख्या चढवून बीन वाजवीत. त्यांचे समकालीन झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) मुंबईत राहत. पनवेलजवळ पळस्पे येथे त्यांचे गुरुकुल. त्यांनी भोपळे मोठे आणि तारा जाड करवून घेतल्या आणि नखी सोडून उघड्या बोटांनी विलंबित आलाप मांडला. वाद्य एकच, दोघेही थोर बीनकार. एकाला ठसठशीत बोल हवा होता, दुसऱ्याला दीर्घकाळ विरत जाणारी आस. या दोघांपैकी कोणाच्या बोटांत कला नव्हती, असे ते शिक्षक म्हणणार, हे विचारण्याचा मला मोह होतो.

आता बास गिटार. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ साली ती बाजारात आणली. त्याआधी हे काम उभ्या धिप्पाड डबल बासवर बोटांनी होत असे. ‘बोट हेच खरे’ ही समजूत बहुधा तेथूनच आली. पण खुद्द फेंडर यांच्या वाद्यावर तारांच्या खालच्या अंगास बोटे टेकण्यासाठी एक लहानशी पट्टी होती, ती अंगठ्याने वाजविता यावे म्हणून! म्हणजे मुळाशीच जावयाचे तर दोन बोटे आणि नखी ही दोन्ही मागाहून आलेली. पुढे डेट्रॉइटमध्ये जेम्स जेमरसन यांनी एकट्या तर्जनीवर अजोड काम केले, आणि लॉस एंजलिसमध्ये कॅरोल के या बाईंनी नखीने. कॅरोलबाई घोडीजवळ तारांवर जाड नमद्याची पट्टी ठेवीत, म्हणजे स्वर लवकर मिटे. आम्ही जवारीने उपस्वर वाढवितो, त्या पट्टीने ते आवरीत. गरज वेगळी, एवढेच.

बासला जवारी नाही. तिची सर्वांत जाड तार जवळजवळ अडीच मिलिमीटरची, आणि ती सेकंदास सुमारे ४१ कंपने करते. इतका खालचा स्वर लहान ध्वनिक्षेपकातून जवळजवळ बाहेरच पडत नाही. मात्र त्याचे उपस्वर पोहोचले तर आपला कान मूळ स्वर मनाने भरून काढतो. म्हणूनच घरातील लहान यंत्रावर नखीची बास ऐकू येते आणि बोटाची कित्येकदा हरवते. उलट भावगीताच्या साथीत, गायकाच्या आवाजाखाली गालिचा अंथरावयाचा असेल, तर नखीचा टकटकाट शब्दांवर आदळतो. तेथे बोटच हवे. बोटाचा आणखी एक लाभ असा की, नको त्या तारा जाता जाता दाबता येतात. नखीवाल्याला त्यासाठी तळहाताची कड घोडीपाशी टेकवून ठेवावी लागते. आणि जाड तारेला नखीही जाडच घ्यावी. पातळ नखी वाकते आणि स्वराआधी तिचाच आवाज येतो.

हे सारे परतीच्या वाटेवर मी पुतण्यास सांगितले. तो फारसे बोलला नाही. रात्री मात्र माळ्याची शिडी लागल्याचा आवाज आला. त्याने लहान ध्वनिक्षेपक जोडून एकच तुकडा तीनदा वाजविला: आधी नखीने, मग बोटाने, मग घोडीकडे सरकून पुन्हा बोटाने. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, “अरे, पहिला छान होता. मधला वाजवलास तरी का, मला काही ऐकूच आला नाही.” मुलगा उठला, ध्वनिक्षेपक बाजूला केला आणि वाद्यवृंदाचा मोठा ध्वनिक्षेपक आणावयास शेजारी निघून गेला.