रस्त्यावरचा रानगवा

आमचें पिंपळगांव राजा हें बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव तालुक्याचें गांव. दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, उत्तरेस पूर्णेचें काळ्या मातीचें सपाट खोरें आणि त्याच्या पलीकडे सातपुडा. आमच्या शेतकऱ्याला रानांतलें मोठें जनावर म्हणून जें रोजचें ठाऊक आहे, तें म्हणजे रोही. पुस्तकांत त्यालाच नीलगाय म्हणतात. हरभऱ्याच्या पिकांत रोह्यांचा कळप शिरला म्हणजे रात्रभर हाकाटी चालते. परंतु रोही हा नांवाचीच गाय. प्राणिशास्त्र त्याची गणना कुरंगांत करतें. गाईबैलांचा खराखुरा रानटी भाऊबंद पाहावयाचा तर पूर्णा ओलांडून सातपुड्यांत, मेळघाटांत जावें लागतें. त्या भाऊबंदाची गांठ रस्त्यांतच पडली तर काय करावें, हें आज आपणांस सांगावें असा माझा हेतु आहे.

परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल या गांवांवरून धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटच्या दाट सागवनांतून जातो. एका उन्हाळ्यांत आम्ही घरचीं सात माणसें एका गाडींत बसून त्या रस्त्यानें निघालों होतों. दिवस कलला होता. एका वळणावर चालकानें गाडी एकाएकीं थांबविली. समोर, सुमारें साठ पावलांवर, रस्त्याच्या मधोमध एक काळसर गाय उभी होती. गाय म्हणावी, तर तिची उंची आमच्या गाडीच्या टपाला भिडेल एवढी! तिच्या मागें बांबूच्या बेटांतून आणखी तीन-चार डोकीं दिसत होतीं. मुलें आनंदानें ओरडूं लागलीं. चालकानें विचारलें, “काका, भोंगा वाजवूं का? अंधार पडायच्या आंत धारणी गांठायची आहे.”

मी उत्तर देण्यापूर्वीं वडील मागच्या बाकावरून म्हणाले, “भोंगा नको, बाबा. गाडी बंद कर आणि बसून राहा. तिला आपल्याहून अधिक घाई असेल तर ती आधीं जाईल.”

आम्ही थांबलों. ती गाय कांहीं वेळ नाक वर करून वास घेत राहिली आणि मग सावकाश पलीकडे उतरली. तिच्या मागून एकेक करून अकरा जनावरें गेलीं. आतां संपलीं असें वाटून चालकानें किल्लीला हात घातला, तोंच सर्वांच्या मागून दोन वासरें धडपडत आलीं आणि त्यांच्या पाठीशीं आणखी एक गाय. आम्ही त्या क्षणीं निघालों असतों, तर गाडी नेमकी त्या आईच्या व कळपाच्या मध्यें सांपडली असती. हा सर्व प्रकार सात-आठ मिनिटांचा. धारणीला आम्हांस तेवढाच उशीर झाला.

आतां हा प्राणी आहे तरी कोण, तें पाहूं. मराठींत त्याला गवा, रानगवा किंवा गवारेडा म्हणतात. यांपैकीं ‘गवारेडा’ हें नांव दिशाभूल करणारें आहे. कारण रेड्याशीं त्याचें नातें दूरचें, आणि बैलाशीं जवळचें. इंग्रज शिकाऱ्यांनीं त्याला ‘इंडियन बायसन’ म्हणावयास आरंभ केला, आणि आपल्याकडील शिकलेलीं माणसेंहि अद्याप तेंच नांव घेतात. परंतु खरा बायसन अमेरिकेंत व युरोपांत असतो. त्याच्या मानेखांद्यावर लोकरीसारखी दाट आयाळ असते. आपला गवा आखूड व तुळतुळीत केसांचा. त्याच्या पाठीवर दिसणारा उंचवटा हें बैलाच्या वशिंडासारखें मांस नव्हे. पाठीच्या कण्याचे मणके तेथें उंच वाढलेले असतात, त्यांचा तो कणखर कंगोरा आहे.

पूर्ण वाढलेला नर खांद्याशीं साडेपांच ते सहा फूट, क्वचित् त्याहूनहि उंच भरतो, आणि त्याचें वजन 600 पासून 1000 किलोपर्यंत असूं शकतें. वयस्क नर काळाभोर, माद्या व तरुण नर तपकिरी, आणि नुकतेंच जन्मलेलें वासरूं सोनेरी झांक असलेलें. चारहि पाय गुडघ्यापासून खालीं पांढरे, जणुं कुणीं मोजेच चढविले आहेत. आमच्याकडच्या थोरांत थोर बैलालाहि त्याच्या शेजारीं उभें केलें तर तो गोऱ्हाच वाटेल.

एवढें बलाढ्य शरीर असूनहि स्वभाव मात्र भिडस्त. गव्यांचा कळप म्हणजे बहुधा गाई व वासरें यांचें कुटुंब, आणि वाट दाखविण्याचें काम बहुधा एखादी वयस्क गाय करते. मोठे नर पुष्कळदां एकएकटे किंवा दोघे-तिघे मिळून हिंडतात व माजाच्या दिवसांत कळपांत मिसळतात. सकाळ-संध्याकाळ चरावें, दुपारीं सावलींत बसून रवंथ करावा, असा त्यांचा दिनक्रम. माणसाचा त्रास वाढला कीं तेच गवे रात्रीं चरूं लागतात.

मग ते रस्त्यावर कां येतात? झाडी तोडून केलेल्या रस्त्याच्या दोहों बाजूंस ऊन पोंचतें. तेथें कोंवळें गवत उगवतें. पाण्याकडे किंवा क्षाराच्या मातीकडे जाणारी त्यांची वाट रस्त्याला आडवी जात असली, तर रस्ता ओलांडल्यावांचून त्यांना गत्यंतर नसतें. अर्थात् ते आपल्या रस्त्यांत आलेले नसतात. त्यांच्या जुन्या वाटेवर आपण डांबर ओतलेलें असतें.

गवा सहसा विनाकारण अंगावर येत नाहीं. तीन प्रसंगीं मात्र त्याची भीति बाळगावी: एकटा नर अगदीं जवळ अवचित गांठला असतां, गाईच्या पाठीशीं लहान वासरूं असतां, आणि जनावर जखमी किंवा कोंडीत असतां. तो काय करणार याची सूचना तो आधीं देतो. प्रथम तो जागच्या जागीं थिजून मान वर करतो व नाकपुड्या फुलवितो. त्याची दृष्टि ज्या गोष्टी सांगत नाहीं, त्या त्याचें तीक्ष्ण नाक सांगतें. मग शीळ घातल्यासारखा फूत्कार निघतो. हा कळपाला दिलेला इशारा. नर आपली आडवी बाजू दाखवून उभा राहिला, तर तो आपल्या देहाचा विस्तार दाखवून समोरच्याला परत फिरावयास सांगत आहे असें समजावें. डोकें खालीं घालून तो शिंगें हलवूं लागला, तर आपण मर्यादा ओलांडली आहे.

अशा वेळीं करावयाचें तें फार सोपें आहे, आणि म्हणूनच तें आपल्या हातून होत नाहीं. गाडी दूरच थांबवावी. निदान पन्नास पावलांचें अंतर असावें. यंत्र बंद करावें, दिवे मंद करावे, भोंगा वाजवूं नये. छायाचित्रासाठीं खालीं उतरूं नये. कळप अर्धा अलीकडे व अर्धा पलीकडे असतां मधून गाडी घालूं नये. शेवटचें जनावर गेल्यावरहि थोडें थांबावें, कारण वासरें मागें रेंगाळतात. पायीं असाल तर पाठ फिरवून पळूं नये. हळूहळू मागें सरावें आणि मोठ्या झाडाचा आडोसा धरावा.

रात्रीचा प्रवास टाळावा, हें निराळें सांगावयास पाहिजे. तासाला साठ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत जवळजवळ 17 मीटर पुढें जाते. समोर कांहीं आहे हें मनाला उमजेपर्यंतच तेवढें अंतर संपतें. गतिरोधकावर पाय पडतो तो त्यानंतर. आणि काळ्या अंगाचा गवा काळ्या रात्रीं कितीसा दिसणार? कर्नाटकांतील बंदीपूरच्या जंगलांतून जाणाऱ्या महामार्गांवर याच विचारानें 2009 सालीं रात्रीं 9 पासून सकाळीं 6 पर्यंत सामान्य वाहतूक बंद करण्यांत आली. अमेरिकेंतील यलोस्टोन येथें, जें राष्ट्रीय उद्यान 1872 सालीं स्थापन झालें, तेथेंहि खऱ्या बायसनांचे कळप रस्ते अडवून उभे राहतात. प्रवाशानें त्यांच्यापासून किमान 23 मीटर दूर राहावें असा तेथील दंडक आहे. आणि तरीहि, त्या उद्यानांत अस्वलांपेक्षां बायसनांमुळेंच अधिक माणसें जखमी झालेलीं आहेत. जवळ जाण्याचा मोह अस्वलाला पाहून होत नाहीं. गाईसारखें दिसणारें जनावर पाहून होतो.

परंतु श्रोतेहो, येथवर मीं गव्यापासून माणसाला असलेल्या धोक्याचें बोललों. दुसरी बाजू याहून मोठी आहे. 9 डिसेंबर 2020 रोजीं पुण्यांत, कोथरूडच्या वस्तींत, एक गवा वाट चुकून शिरला. बघतां बघतां शेंकडों माणसें जमलीं. कुणी गच्चीवरून ओरडत होते, कुणी छायाचित्रें घेत मागें धांवत होते. तें जनावर भिंतींवर आदळत, गल्लीबोळांतून कित्येक तास धांवत राहिलें. अखेर गुंगीचें औषध देऊन त्याला पकडलें, आणि थोड्याच वेळांत तें मेलें. त्यानें कुणाचा जीव घेतला नव्हता.

असें कां व्हावें? भेदरलेलें मोठें जनावर दीर्घकाळ धांवलें म्हणजे त्याच्या स्नायूंत आम्ल सांचतें, अंगाचा ताप भयंकर चढतो, स्नायूंचे तंतु तुटून त्यांतील द्रव्यें रक्तांत मिसळतात, आणि मूत्रपिंडें व हृदय यांवर त्यांचा घाला पडतो. बाहेरून एकहि जखम नसतांना जनावर या रीतीनें दगावूं शकतें. त्यानंतर तेराव्या दिवशीं, 22 डिसेंबर रोजीं, त्याच शहराच्या कडेला बावधनच्या बाजूस दुसरा गवा दिसला. या वेळीं माणसांना दूर ठेवण्यांत आलें आणि त्याची वाट मोकळी राखण्यांत आली. तो आपल्या पायांनीं जंगलाकडे परत गेला. दोन्ही गवे एकाच जातीचे, शहर एकच, महिनाहि एकच. फरक पडला तो माणसांच्या वागणुकींत.

आम्हां गुरें पाळणाऱ्यांचा या प्राण्याशीं आणखी एक संबंध आहे. गवा गाईच्या कुळांतला, म्हणून गाईचे रोगहि त्याला होतात. बुळकांडीची सांथ 1968 च्या सुमारास दक्षिणेकडील जंगलांत शिरली, तेव्हां तेथील गव्यांचा मोठा संहार झाला. बुळकांडी 2011 सालीं साऱ्या जगांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. परंतु लाळ-खुरकूत व फाशी हे रोग अद्याप आहेत. जंगलाच्या कडेच्या गांवीं गोठ्यांतल्या गुराला वेळेवर लस टोंचली, तर ती त्या गुराचें रक्षण करतेच, शिवाय ज्या पाणवठ्यावर तें गुरूं तोंड लावतें, तेथें रात्रीं येणाऱ्या गव्याचेंहि करते.

गवा टिकावा म्हणून कायद्यानें करावयाचें तें पुष्कळ केलें आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील दाजीपूर येथें, जेथें पूर्वीं संस्थानिकांची शिकार चाले, 1958 सालीं खास गव्यांसाठीं अभयारण्य झालें. वन्यजीव संरक्षणाच्या 1972 च्या कायद्यानें गव्याला पहिल्या परिशिष्टांत स्थान दिलें. व्याघ्रप्रकल्प 1973 सालीं सुरू झाला, तेव्हां त्यांतील पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होतें. आमच्या जिल्ह्यांतील संग्रामपूर तालुक्यांतलें अंबाबरवा अभयारण्यहि आज त्याच व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. पण मध्यप्रदेशांतील बांधवगडाची हकीकत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तेथें वाघ होते, जंगल होतें, कायदाहि होता. तरी तेथले गवे नाहींसे झाले, आणि 2011 सालीं कान्ह्याहून गवे वाहनांतून आणून तेथें पुन्हां सोडावे लागले. गेलेला कळप परत आणणें शक्य असतें, पण किती सायासानें!

माझ्या लहानपणीं गांवांत एक म्हातारे गुराखी होते. मारक्या बैलासमोर आलों तर काय करावें, असें आम्ही मुलांनीं त्यांना एकदां विचारलें होतें. ते म्हणाले, “लेकरा, त्याची वाट अडवूं नको, त्याच्या पाठीं लागूं नको, आन् पळूं नको. बाकी तो शहाणा आहे.” मेळघाटच्या त्या वळणावर माझ्या वडिलांनीं चालकाला जें सांगितलें, तें याहून निराळें नव्हतें.

त्या काळीं सायंकाळीं गुरें घरीं परतण्याच्या वेळेला आमच्या गांवच्या वेशींत बैलगाड्या थांबत. गाडींत कापूस असो कीं पाहुणे असोत, गुरांचा खांड पुरा आंत जाईपर्यंत गाडीवान कासरा ओढून धरी, आणि धूळ खालीं बसली म्हणजे मग चाक फिरे. त्याला कुणी वेळेचा अपव्यय म्हटल्याचें मला आठवत नाहीं. आपणांपैकीं कुणाला पुढेंमागें मेळघाटांत, ताडोब्यांत किंवा दाजीपूरच्या रस्त्यावर तो काळा कळप आडवा आला, तर गाडी बंद करून आपणहि तेवढेंच करावें. आणि शेवटचें वासरूं पलीकडे गेल्याची खात्री झाल्यावरच निघावें.